‘पाहुण्यांची खोली’ या मिश्रणाच्या मान्यतेबाबत

माणसाला एका वेळी एक सुख पुरत नाही, आणि दोन मिळाली की तिसरं का घातलं नाही म्हणून तो स्वयंपाक्याला, सरकारला किंवा बायकोला बोल लावतो. मानवी प्रगतीचं मूळ या रडगाण्यात आहे. आगीचा शोध अपघाताने लागला असेल, चाक गरजेपोटी आलं असेल. पण द्राक्षाच्या तंबाखूत पुदिन्याची तंबाखू कालवून वर निखारा ठेवावा, ही बुद्धी फक्त पोट भरलेलं आणि हात रिकामा असतानाच सुचू शकते. म्हणून जिथे हुक्क्यात मिश्रणं करतात तिथे संस्कृती आहे असं समजावं. जिथे नुसतं सफरचंद ओढतात तिथल्या लोकांना अजून कामधंदा आहे.

नवख्यांसाठी थोडी तांत्रिक माहिती देणं कर्तव्य आहे. हुक्क्यात खाली पाण्याचं भांडं असतं. ते काचेचं असावं, म्हणजे पाणी बदललेलं नाही हे गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसतं (दिसतं, पण ते काही बोलत नाही, काचेचा खरा फायदा हाच). भांड्यावर खांब, खांबावर मातीची चिलीम, चिलमीत पाकात मुरलेली स्वादाची तंबाखू, तिच्यावर भोकं पाडलेला चंदेरी कागद आणि कागदावर करवंटीच्या कोळशाचे निखारे. धूर पाण्यातून गुडगुडत येतो आणि नळीतून तोंडात जातो. नळीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ज्या ठिकाणाची ही हकिगत आहे ते चष्म्याच्या आणि गाद्यांच्या दुकानाच्या मधल्या जिन्याने वर गेल्यावर लागतं. पाटीवर ‘आस्वाद केंद्र’ असं लिहिलेलं आहे, कारण मालकांना हुक्का हा शब्द थोडा हलका वाटतो. आत भिंतीवर धूम्रपान आरोग्याला घातक असल्याचा कायदेशीर फलक ठळक अक्षरांत लावलेला आहे. धुरामुळे तो वाचता येत नाही, याला मालक काय करणार?

या केंद्रात एक स्वाद परीक्षण मंडळ आहे. ते कुणी स्थापन केलं नाही. चार माणसं एकाच टेबलाशी पुरेशी वर्षं बसली आणि त्यातला एक जण बोलण्याआधी घसा खाकरू लागला की मंडळ आपोआप तयार होतं. खाकरणारे ते अध्यक्ष. इथले अध्यक्ष दंतवैद्य आहेत. सकाळी ते लोकांच्या दातांवरचा पिवळेपणा खरवडतात आणि संध्याकाळी स्वतःच्या दातांवर चढवतात, त्यामुळे त्यांना विषयाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. उपाध्यक्ष क्लचमास्तर. हे गाडी चालवायला शिकवतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत बसून ब्रेक दाबल्यामुळे कुठलीही गोष्ट वेळेवर थांबवण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. तिसरे विमा एजंट. हे प्रत्येक ठरावाला अनुमोदन देतात, आणि कधी कधी ठराव मांडण्याच्या आधीच देतात. चौथे मालक, पदसिद्ध.

मंडळाची परीक्षणपद्धती अतिशय शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक मिश्रणाचे तीन झुरके. पहिल्याला म्हणायचं ‘प्रवेश’, दुसऱ्याला ‘परिचय’ आणि तिसऱ्याला ‘आठवण’. प्रवेशात जिभेवर काय आलं ते बघायचं, परिचयात नाकात काय राहिलं ते. आठवण ही मात्र सांगून समजण्यातली नव्हे. मागून, कुठून तरी लांबून, एक दडलेली, ओळखीची, पण नाव आठवत नाही अशी चव येते, आणि ती आली की दंतवैद्य डोळे मिटून म्हणत, “आली.” मंडळाच्या पाहणीनुसार इथल्या शंभर टक्के मिश्रणांत आठवण उतरत असे आणि बाहेरच्या एकाही केंद्रात उतरत नसे. (पाहणी बिनचूक होती, कारण ती मंडळानेच केली आणि मंडळानेच तपासली.) याचं सगळं श्रेय एका माणसाला जात होतं. तो माणूस म्हणजे शेडकाका.

शेडकाका पूर्वी रंगाच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाला शेडकार्ड दाखवून डब्यात रंग मिसळून द्यायचे. एकट्या पांढऱ्या रंगाच्या त्यांच्याकडे इतक्या छटा होत्या की नवरा-बायकोत ‘मोत्याचा पांढरा’ की ‘पहाटेचा पांढरा’ यावरून भांडणं होऊन एक बाई माहेरी गेल्याची नोंद आहे. भिंत वाळली की सगळे पांढरे सारखेच दिसतात, हे काकांना माहीत होतं. पण भिंत वाळेपर्यंत गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं, आणि स्वतःच्या घरी स्वतःला मूर्ख म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे.

मग दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं. बटण दाबलं की डबा भरत होता. काका घरी आले.

घरी अक्का होती, थोरली बहीण. अक्का जन्मभर इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या विभागात होती, शेवटी तर विभागाची प्रमुख होती. मोठमोठे सर्जन तिच्यासमोर हात पुढे करून उभे राहायचे आणि ती नखं बघायची. यंत्राची बातमी ऐकून अक्का एकच वाक्य बोलली होती.

“बरोबर आहे त्यांचं. यंत्राला निदान चहा तरी लागत नाही.”

विनोदाने बोलली होती. पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी घरात चहा मागणं बंद केलं. अक्काने केला तर पीत, मागत नसत. अक्काने ते वाक्य एकदा मागे घ्यावं, एवढ्यासाठी हा माणूस जगत होता असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होईल. पण आस्वाद केंद्रात तो एवढ्यासाठीच जात होता, यात शंका नाही.

केंद्रात त्यांनी रंगाची सगळी विद्या पणाला लावली. तंबाखू कधी दाबून भरू नये, भुरभुरावी, हा पहिला नियम. तंबाखू आणि पाहुणे यांना श्वास घ्यायला जागा लागते. पुदिना म्हणजे नात्यातला वकील: थोडा असला तर कामाला येतो, जास्त झाला तर घर त्याच्या नावावर होतं. कॉफी घालायची ती बाकीचे स्वाद आपसात भांडायला लागले तर मध्यस्थीला. गुलाब बोटाच्या टोकावर मावेल एवढाच, नाहीतर ओढणाऱ्याला घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. दुहेरी सफरचंद भरवशाचं. (एकेरी सफरचंद आजवर कुणी पाहिलेलं नाही. चौकशी करू नये.) कालवायला त्यांच्याकडे रंग ढवळायची जुनी लाकडी पट्टी होती, आणि नावंही रंगांसारखीच देत: ‘दुपारचा पडदा’, ‘संयमी हिरवा’, ‘सासऱ्यांचा कोट’. मंडळाने सगळी डोळे मिटून मान्य केली.

अशात मालकांनी रस्त्यापलीकडची जागा घेतली. तिथे दुसरं केंद्र काढायचं आणि तिथे एक मुख्य मिश्रक नेमायचा, असं ठरलं. त्याला फिरती खुर्ची आणि काचेच्या दारांचं कपाट मिळणार होतं. अट एवढीच: काकांनी एक नवं मिश्रण सादर करावं आणि मंडळाने ते एकमताने मान्य करावं. मान्य झालं तर खुर्ची काकांची. नाही झालं तर मालक तयार मिश्रणाच्या डब्या विकत आणणार होते. त्या डब्या कारखान्यात यंत्रावर भरतात. हे वाक्य मालक सहज बोलून गेले, पण काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काकांनी ‘पाहुण्यांची खोली’ तयार केलं. द्राक्ष, खरबूज, कॉफी, गुलाब, पुदिना, दालचिनी आणि मोसंबी. “एवढं सगळं?” मालकांनी विचारलं. “एकमत हवंय ना?” काका म्हणाले. “मग प्रत्येकाचं काहीतरी घालायला नको?”

रविवारी दुपारी परीक्षण होतं. काकांनी अक्काला बरोबर घेतलं.

“बारक्या, धूर काढायला माणसं पैसे देतात?” जिना चढताना अक्काने विचारलं. काकांचं वय साठीला टेकलेलं, पण अक्कासाठी ते बारक्याच.

“धूर नाही, अक्का. आस्वाद.”

“बसच्या मागनं येतो तो फुकट असतो, म्हणून विचारलं.”

“तू फक्त बस. बोलू नकोस काही.”

“मी कधी बोलते?” अक्का म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

मंडळाला यायला अवकाश होता. काका इस्त्रीला टाकलेला शर्ट आणायला खाली गेले. मालक निखाऱ्यांच्या शेगडीशी होते. अक्का एकटी आतल्या खोलीत बसली. समोर भिंतीवर खिळ्यांना केंद्रातल्या सगळ्या नळ्या टांगलेल्या होत्या. अक्काने एक नळी हातात घेतली, एका टोकाला डोळा लावला आणि उजेडाच्या दिशेने धरली. उजेड पलीकडून आला नाही.

पुढे जे झालं त्यात द्वेष नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. भावाचा मोठा दिवस होता. कुणी अशा दिवशी हार आणतं, कुणी पेढे. अक्काला येत होतं तेच तिने केलं. बेसिन होतं, गरम पाणी होतं, भांडी घासायचा लांब ब्रश होता आणि फडताळात व्हिनेगर होतं. नळीतून पहिल्यांदा चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग काढ्याच्या, मग गाडीच्या जुन्या तेलाच्या, आणि शेवटी अशा एका रंगाचं की जो कुठल्याही शेडकार्डावर नाही आणि नसावाही. सगळ्या नळ्या धुऊन, फुंकून, पुसून तिने पुन्हा खिळ्यांना लावल्या आणि पदर सारखा करून बसली. सांगितलं कुणालाच नाही. धुणं ही सांगायची गोष्ट असते, असं तिला तिच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

मंडळ स्थानापन्न झालं. काकांनी चिलीम भुरभुरून भरली, कागद ताणून बसवला, निखारे ठेवले आणि इस्त्रीचा शर्ट आत खोचून बाजूला उभे राहिले. दंतवैद्यांनी घसा खाकरला आणि पहिला झुरका घेतला.

“प्रवेश,” ते म्हणाले, “झाला.”

दुसरा झुरका. “परिचय... हं.”

तिसरा झुरका फार लांबला. विमा एजंटांनी मान डोलवायला सुरुवात केली होती.

“आठवण?” मालकांनी हळूच विचारलं.

“थांबा.”

सगळे थांबले.

“येत नाहीये,” दंतवैद्य म्हणाले.

विमा एजंटांनी मान मूळच्या जागी आणली, आपली नळी तोंडाला लावून पाहिली आणि दुःखी चेहऱ्याने ठरावाला अनुमोदन दिलं. ठराव अजून मांडलेला नव्हता.

“काका, पाणी बदललंत की काय?” मालकांचा आवाज चढला.

“मी?” काका दुखावले. “इतकी वर्षं ओळखता मला, शेठ!”

इतक्यात क्लचमास्तरांनी पिशवीतून स्वतःची नळी काढली. ते कुणाची नळी वापरत नसत. शिकाऊ ड्रायव्हर गाडीत कुठेही खोकतात हे पाहिल्यापासून त्यांनी स्वतःची नळी स्वतःच्या पिशवीत ठेवायचं व्रत घेतलं होतं. त्यांनी ती जोडली आणि झुरका ओढला. त्यांचे डोळे मिटले.

“अहाहा! काय बोलताय डॉक्टर? ही काय आली! इंडिकेटर न देता आली!”

“मास्तर, तुमचं नाक चोंदलंय.”

“मग तुमचं तोंड तपासून घ्या. चांगला दंतवैद्य सुचवू?”

बाचाबाची झाली. शेवटी दंतवैद्यांनी मास्तरांच्या नळीचं टोक तीनदा पुसून झुरका घेतला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“आली.”

“मी म्हटलंच होतं,” विमा एजंट म्हणाले.

“त्या नळ्या मी धुतल्या,” अक्का म्हणाली. बाहेर ऊन पडलंय, हे सांगावं तशी.

विमा एजंटांनी तोंडातली नळी काढून हातात धरली.

“धुतल्या म्हणजे?” दंतवैद्यांनी विचारलं. (ते शिक्षणाने डॉक्टर आहेत.)

“धुतल्या म्हणजे धुतल्या. गरम पाणी, ब्रश, व्हिनेगर, परत गरम पाणी. तुमच्यात काय म्हणतात त्याला?”

मंडळ विज्ञाननिष्ठ असल्यामुळे लगेच प्रयोग हाती घेण्यात आले. मास्तरांच्या नळीतून ‘संयमी हिरवा’ ओढून पाहिला: आठवण आली. ‘सासऱ्यांचा कोट’: आली. नुसती मोसंबी: आली. मालकांनी वैतागून चिलमीत काहीच न घालता कागदावर नुसता निखारा ठेवला. आठवण आली, आणि दंतवैद्यांच्या मते यापूर्वी कधीही न आलेल्या स्पष्टतेने, मधे कुठल्याही स्वादाचा अडथळा न येता आली.

म्हणजे इतकी वर्षं मंडळ जे डोळे मिटून ओळखत होतं ते नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं होतं. आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचं, कुणाकुणाच्या सफरचंदाचं, सर्दीचं, वादावादीचं. काकांनी वरून काय घातलं याने कशालाच फरक पडत नव्हता.

शेडकाका पुढे आले. धुतलेली एक नळी त्यांनी जोडली, ‘पाहुण्यांची खोली’वर ताजे निखारे ठेवले आणि झुरका घेतला. आपलं मिश्रण नळीच्या चवीशिवाय ते आयुष्यात पहिल्यांदाच चाखत होते. गादीवर सरबत सांडावं, वर कुणीतरी अत्तर शिंपडावं, आणि खिडक्या बंद करून घरातल्या सगळ्यांनी गावाला निघून जावं, तसं काहीतरी तोंडात पसरलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. अक्काही बघत होती. ‘उत्तम आहे’ म्हटलं असतं तर खोडून काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती; नाकाचा मान अजून त्यांच्याकडेच होता.

“भिकार आहे,” काका म्हणाले.

“काय?”

“भिकार आहे, शेठ. आणि ‘सासऱ्यांचा कोट’ तर याहून भिकार असणार. त्यात लवंग होती.”

दंतवैद्यांनी घसा खाकरला. “हा काकांचा विनय आहे,” ते म्हणाले. “खरा कलावंत असाच असतो. याची नोंद घ्यावी.” विमा एजंटांनी अनुमोदन दिलं.

मालकांना मात्र वेगळाच घाम फुटला होता. रस्त्यापलीकडच्या केंद्रासाठी त्यांनी सगळ्या नळ्या नव्याकोऱ्या मागवल्या होत्या. नव्या नळ्या म्हणजे आठवण नाही, आठवण नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि कारखान्याच्या डबीत आठवण भरून मिळत नाही. मंडळाने तातडीने विचारविनिमय करून पुढील निर्णय घेतले. एक, यापुढे केंद्रातली कुठलीही नळी धुणं हे भेसळ समजलं जाईल. दोन, क्लचमास्तरांची नळी काचेच्या कपाटात ठेवावी. (मास्तरांनी विरोध केला. कपाटावर त्यांचं नाव घालायचं ठरल्यावर ते विरोध करायचे थांबले, तेही वेळेवर.) तीन, नव्या नळ्या उद्घाटनापूर्वी मुरवून घेण्यासाठी एका जबाबदार माणसाची गरज असून, चिलमीत वाट्टेल ते घालून ते सातत्याने ओढण्याचा अनुभव असलेले शेडकाका हे या पदास सर्वार्थाने योग्य आहेत. चार, श्रीमती अक्का यांनी केंद्रात जरूर यावं, मात्र बेसिनपासून लांब बसावं.

एकमत झालं. फिरती खुर्ची काकांना मिळाली. ‘पाहुण्यांची खोली’सुद्धा मान्य झाली, कारण तिला अमान्य करायचं तर आधीची सगळी मिश्रणं पुन्हा तपासावी लागली असती, आणि तेवढ्या स्वच्छ नळ्या आता कुणालाच नको होत्या.

बहीण-भाऊ चालत घरी परतत होते.

“अक्का, चुकलं तुझं,” काका म्हणाले. “पण बरं झालं.”

“खरंच इतकं वाईट होतं?”

“तू ओढलं असतंस तर मला परत घरात घेतलं नसतंस.”

अक्काला रस्त्यातच हसू आलं. कोपऱ्यावरच्या खांबाला धरून ती हसली. मग चष्मा पुसत म्हणाली, “यंत्राला हे सांगता आलं नसतं रे बारक्या.” दोन पावलं पुढे जाऊन तिने मागे वळून विचारलं, “घरी गेल्यावर चहा टाकू?”

“टाक,” काका म्हणाले. “आलं घालून.” मागितला.

हकिगत इथे संपते. आता सन्माननीय वाचकांच्या संदर्भातली किरकोळ बाब तेवढी राहिली. सुरुवातीला ‘नळीबद्दल सांगण्यासारखं काही नाही’ असं सांगण्यात आलं तेव्हा आपण मान डोलावून पुढे गेलात, याची नोंद घेतलेली आहे. मधे कुठेतरी हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटलं, दंतवैद्यात आपले साहेब दिसले, विमा एजंटात शेजारी दिसला, आणि आपण डोळे बारीक करून मनात म्हणालात, “आली.” ती चव या गोष्टीची होती असं आपलं मत असेल तर त्याचाही आदर आहे. अक्का रविवारी दुपारी मोकळ्या असतात आणि लांब ब्रश घेऊन कुणाच्याही घरी येतात. आजवर एकाही माणसाने त्यांना बोलावलेलं नाही.